रिकामी गाडी जास्त मारते

सोलापुरात हैदराबाद रोडवर मार्केट यार्ड मागं टाकून थोडं पुढं गेलं की कडेला एक कमान-पाट्याचं दुकान आहे. कमान म्हणजे एकावर एक बसवलेल्या पोलादी पाट्यांची, गाडीचा भार झेलणारी स्प्रिंग. दुकान म्हणजे चार पत्रे, एक भट्टी, एक ऐरण आणि दारात उभी असेल ती गाडी. मे महिन्यातली दुपार. पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं. दारातल्या पिकअपचा मागचा भाग उचललेला, चाकं काढून भिंतीला टेकवलेली, आणि ऑइल पिऊन काळ्या झालेल्या मातीत दोन पाटे पडलेले. डाव्या कमानीतला एक, उजव्या कमानीतला एक. त्यांच्या अंगावरून गंजाची लाल पूड खाली सांडली होती, मिरचीपुडीसारखी. ड्रायव्हर बशीत चहा ओतून फुंकत होता. मिस्त्री म्हणाला, "काढायला माझं काय जातंय बे. उद्या सांगोल्यातनं डाळिंब भरून आलास आन् गाडी बसली, मग माझ्या नावानं बोंबलू नको." ड्रायव्हर बशी खाली ठेवत म्हणाला, "भरल्यावर त्रासच नाही मामा. भरलेली गाडी पाळण्यागत येती. रिकामी गाडी जास्त मारती."

हे वाक्य डोक्यात रुतून बसलं. माल उतरलेला असतो, पैसे खिशात असतात, डब्यातली भाकरी आणि शेंगाची चटणी आता निवांत खायची असते, आणि नेमकी तेव्हाच गाडी कंबरेत गुद्दे घालायला लागते. ओझं होतं तोवर बरं होतं, हे म्हणणं विचित्र वाटतं. पण पिकअप चालवणाऱ्या कुणालाही विचारा, तो हेच सांगेल. आणि मग याच त्राग्यात तो कमानवाल्याकडं जातो आणि म्हणतो, एक पाटा काढा.

पाटा काढून नेमकं काय मिळतं, हे एकदा कागदावर मांडून बघण्यासारखं आहे. दोन्ही बाजूंच्या कमानी मिळून दर १५० किलोला १ सेंटिमीटर दबतात असं धरू. रिकाम्या गाडीत मागच्या कमानींवर ५०० किलोच असेल, तर त्या सव्वातीन सेंटिमीटरच दबलेल्या असतात. कमान किती सेंटिमीटर दबली आहे त्याचं वर्गमूळ काढायचं आणि ५ ला त्यानं भागायचं. गाडी सेकंदाला किती हेलकावे खाते ते कळतं. रिकाम्या गाडीचं उत्तर येतं २.७. वर १३०० किलो डाळिंब चढवलं की दाब १२ सेंटिमीटर होतो आणि उत्तर १.४ वर येतं. सेकंदाला एक-दीड हेलकावा अंगाला मानवतो. ड्रायव्हर ज्याला पाळणा म्हणतो तो हाच. पावणेतीनची चाल कशी असते ते सोलापुरात वेगळं सांगायला नको. पूर्व भागातला साधा यंत्रमाग मिनिटाला दीडशे धोटे मारत असेल, तर ते सेकंदाला अडीच होतात. म्हणजे रिकाम्या पिकअपमधला माणूस चालत्या मागावर बसूनच घरी येतो.

आता सहा सारख्या जाडीच्या पाट्यांतला एक काढला. कमानीचा कडकपणा एक षष्ठांशानं कमी झाला, पण हेलकावे वर्गमुळाच्या हिशोबानं कमी होतात. २.७ चे २.५ होतील, म्हणजे ९ टक्के फायदा. उरलेल्या पाच पाट्यांवर मात्र भरल्या गाडीत प्रत्येकी २० टक्के जास्त ताण येतो. कंबरेला हा फरक जाणवणारही नाही, पाट्यांना मात्र पहिल्याच सीझनला जाणवेल. उलटी चूक करणारेही आहेत. "भार वाढवायचाय, एक जाड पाटा टाका." पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनानं वाढतो, त्यामुळं ८ मिलिमीटरच्या कमानीत १० मिलिमीटरचा एक पाटा घातला तर तो जवळजवळ दोन पाट्यांचं काम करतो. कमान कडक होते, गाडीची कागदावरची क्षमता मात्र आरसी बुकात लिहिली आहे तेवढीच राहते. ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपयांपासून सुरू होतो आणि वर दर जादा टनाला २,०००. काट्यावरचा माणूस पाटे मोजत नाही.

म्हणजे पाट्याला हात लावायचा नाही?

लावायचा, पण काढायला नाही. मिस्त्रीच्या पायाशी सांडलेली ती लाल पूड हेच खरं दुखणं होतं. आपल्याकडच्या कडक भाकरीची चळत आठवा: एकात एक बसलेल्या, सगळ्यांना सारखाच बाक. कमानीचे पाटे तसेच बसतात, फरक एवढाच की गाडी चालताना ते एकमेकांवर सरकायला हवेत. पावसाळ्यात पाणी शिरतं, उन्हाळ्यात काळ्या मातीचा फुफाटा शिरतो, दोन्ही मिळून पाट्यांमध्ये घट्ट खडबडीत थर बसतो. मग छोट्या खड्ड्याला पाटे सरकतच नाहीत. सहा पाट्यांची कमान एका जाड लोखंडी पट्टीसारखी वागते आणि खड्डा जसाच्या तसा चेसिसला पोचतो. भरल्या गाडीत वजन मोठं असतं, गंजाची पकड सुटते, पाटे सरकतात. रिकाम्या गाडीत ती सुटत नाही. गणितातल्या २.७ च्या वर हा गंज आणखी किती चढवतो ते रस्त्यावरच कळतं.

कमान उघडायचं काम एका दिवसाचं आहे, पण घाईचं नाही. गाडी नुसत्या जॅकवर ठेवायची नाही. चेसिसखाली स्टँड लावायचे आणि एक्सल वेगळ्या जॅकवर पेलायचा. कमान एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट सोडायचे. सगळे पाटे एकत्र धरणारा मधला सेंटर बोल्ट काढायच्या आधी कमान मोठ्या क्लॅम्पमध्ये आवळायची, नाहीतर पाटे उसळतात आणि बोटं सापडतात. पाट्यांचा क्रम आणि पुढची बाजू खडूनं लिहून ठेवायची. तारेच्या ब्रशनं प्रत्येक पाटा पांढरा होईपर्यंत घासायचा आणि मग उन्हात धरून दोन जागा बघायच्या: सेंटर बोल्टच्या भोकाभोवती केसाएवढी चीर आहे का, आणि खालच्या पाट्याच्या टोकानं वरच्या पाट्याला चर पाडला आहे का. पाटा मोडतो तो बहुतेक याच दोन ठिकाणी. भोकापाशी मोडला असेल तर यू-बोल्ट ढिले होते असं समजावं. टोकं धारदार झाली असतील तर घासून गोल करायची. चीर दिसली तर पाटा बदलायचा. वेल्डिंग अजिबात नाही. स्प्रिंगच्या पोलादाला वेल्डिंगची आच लागली की शेजारचा भाग काचेसारखा ठिसूळ होतो. बसलेल्या पाट्याला नुसतं थंड ठोकून बाक देणारेही भेटतात. तो बाक लवकरच उतरतो. बाक द्यायचा तर तापवून, पाणी देऊन, नीट टेंपर करून. ते ज्याला जमतं त्याच्याकडंच.

मग पाट्यांच्या मध्ये ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ हात. पातळ म्हणजे खरंच पातळ; बदाबदा ग्रीस भरलं की त्यात धूळ चिकटते आणि घासायची पेस्ट तयार होते. इंजिनातलं जळकं ऑइल कमानीवर ओतायची जुनी सवय आहे, ती तर सोडाच. ते ऑइल ओघळून बुशांपर्यंत, म्हणजे कमानीच्या डोळ्यातल्या रबरी नळ्यांपर्यंत जातं, रबर फुगतं, मऊ होतं आणि वर्षभरात बुश खुळखुळायला लागतो. पाट्यांच्या टोकाला नायलॉनचे तुकडे बसवायची सोय असेल तर नवीन बसवावेत. जोडताना सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट नवेच. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तेवढी पकड धरत नाही. चारही नट फुलीच्या क्रमानं, थोडे थोडे, टॉर्क पान्यानं, गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत. आणि एक गोष्ट जी दहातले आठ मिस्त्री विसरतात: कमानीच्या डोळ्यातले आणि शॅकलचे (कमानीचं टोक चेसिसला जोडणाऱ्या कडीचे) बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर खाली उतरवल्यावर. हवेत लोंबकळत्या कमानीवर बुश आवळला की गाडी खाली येताच रबर पिळलं जातं, आणि तो पीळ आयुष्यभर राहतो. बुश फाटतो आणि राइडही कडक होते. पाचशे किलोमीटर चालवून, गाडी भरलेली असताना, यू-बोल्ट पुन्हा तपासायचे. बुश रबराचेच घ्यावेत. पॉलियुरेथेनचे जास्त टिकतात, पण कुरकुरतात आणि प्रत्येक खडा सीटपर्यंत पोचवतात.

हवेबद्दल थोडक्यात, कारण तिथं खर्च शून्य आहे आणि तरी कुणी करत नाही. भरल्या गाडीसाठी भरलेली हवा तशीच ठेवून रिकामं परत यायचं, ही सगळ्यांची सवय. टायर ही पहिली स्प्रिंग आहे, कमान दुसरी. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर रिकाम्या आणि भरल्या गाडीचे दोन आकडे असतील तर ते पाळावेत, नसतील तर टायर कंपनीच्या लोड तक्त्यात बघावं. नेहमी एकाच मार्गावर जाणाऱ्याला माल उतरल्यावर, टायर गार झाल्यावर हवा उतरवणं आणि भरायच्या आधी पुन्हा चढवणं जमतं. जमत नसेल तर भरल्या गाडीचीच ठेवावी आणि धक्के सोसावेत. कमी हवेवर भरून निघालं तर टायरची भिंत सारखी वळते, तापते, आणि ४२ अंशांच्या डांबरावर ती कुठं फुटेल सांगता येत नाही. मोजमाप सकाळी, गाडी हलायच्या आधी. चालून आलेल्या टायरची हवा वाढलेली दिसते म्हणून ती सोडणं ही सगळ्यात महागडी हुशारी.

हा ड्रायव्हर लग्नसराईत मांडववाल्याचा जनरेटर ओढतो, दोन चाकांच्या ट्रॉलीवरचा. पाटे काढायच्या त्याच्या हट्टात ही ट्रॉली कुठंच नव्हती. ओढणाऱ्या गाडीचं दुखणं मालवाहू गाडीपेक्षा वेगळं असतं. ट्रॉलीचा दांडा मागच्या एक्सलच्या बराच मागं टेकतो, म्हणून तिथलं वजन तरफेसारखं काम करतं. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर, ३ मीटर आणि हूक एक्सलच्या सव्वा मीटर मागं असेल, तर हुकावरच्या १५० किलोंमुळं मागच्या एक्सलवर २१२ किलो वाढतात आणि पुढच्या एक्सलवरून ६२ किलो उचलले जातात. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग लोण्यासारखं फिरतं. नवख्याला ते बरं वाटतं. हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडतात. पाटा काढलेल्या कमानीवर मागची बाजू आणखी बसते आणि तुळजापूरच्या घाटात वळणावर गाडी सरळच जायला बघते.

म्हणून आधी दांड्यावरच्या वजनाकडं बघायचं, कमानीकडं नंतर. ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के दांड्यावर यायला हवं. १,५०० किलोच्या ट्रॉलीला १५० ते २२५ किलो. १० च्या खाली गेलं की ट्रॉली मागं शेपटीसारखी डोलते, आणि ते डोलणं पन्नाशीच्या पुढच्या वेगात एकदा सुरू झालं की ब्रेक मारून थांबत नाही, वाढतं. मोजायला वेगळं यंत्र लागत नाही, वजनकाटा पुरतो. आधी नुसती पिकअप काट्यावर. मग ट्रॉली जोडून, पण ट्रॉलीची चाकं काट्याच्या बाहेर ठेवून पुन्हा पिकअप. दोन पावत्यांतला फरक म्हणजे दांड्यावरचं वजन. पुढची चाकंच फक्त काट्यावर घेऊन, ट्रॉली जोडायच्या आधी एक आणि जोडल्यावर एक, अशा आणखी दोन पावत्या केल्या तर पुढून किती उचललं गेलं तेही कळतं. वजन कमी-जास्त असेल तर जनरेटर ट्रॉलीवर सरकवायचा: दांड्याच्या टोकापासून ट्रॉलीच्या एक्सलपर्यंत ३ मीटर असतील आणि जनरेटर १,२०० किलोचा असेल, तर तो १० सेंटिमीटर पुढं घेतला की दांड्यावर ४० किलो वाढतात. दहा सेंटिमीटर म्हणजे मूठभर अंतर. चार बोल्टांची भोकं बदलायचा कंटाळा लोक वर्षानुवर्षं करतात आणि दोष कमानीला देतात.

मागं बसणारी गाडी उचलायला एअर बॅग, म्हणजे एक्सल आणि चेसिसच्या मध्ये बसणारी हवेची रबरी पिशवी, हा चांगला उपाय आहे, आणि रिकाम्या गाडीचा मऊपणाही त्यात फारसा जात नाही, कारण माल नसताना हवा काढून टाकता येते. पण पूर्ण नाही. बॅगेत किमान ५ पौंड हवा राहायलाच हवी, नाहीतर ती दुमडून चिमटली जाते. डाव्या-उजव्या बॅगेची नळी वेगळी ठेवावी. एकच नळी टाकली तर वळणावर दबलेल्या बाजूची हवा दुसऱ्या बाजूला पळते आणि गाडी आणखी कलते. नळी सायलेन्सरपासून लांब, बांधून. जोडांवर साबणाचं पाणी, आणि रात्रभर गाडी उभी करून सकाळी पुन्हा हवा मोजणं. बॅगेनं गाडी दिसायला समतल होते. पुढच्या चाकांवरून गेलेले ते साठ किलो मात्र परत येत नाहीत, त्यासाठी वजनच सरकवावं लागतं. हा फरक बॅग विकणारा सांगत नाही. स्वस्तातली सोय हवी असेल तर हेल्पर पाटा (भार चढल्यावरच टेकणारा जादा पाटा) किंवा पोकळ रबराचा ठोकळा: रिकाम्या गाडीत त्याच्या आणि एक्सलच्या मध्ये बोटभर फट दिसली पाहिजे. फट नसेल तर तो कायमच कामावर आहे, म्हणजे तुम्ही जाड पाटाच टाकलात. अमेरिकेत रॅम २५०० या पिकअपला २०१४ पासून मागं कमानीऐवजी कॉइल स्प्रिंग आल्या, ओढायची ताकद राखून. त्यांच्याही ड्रायव्हरांची कंबर रिकाम्या गाडीतच दुखत असणार.

कमानीत काहीही बदल केला, उंची बदलली, तर मागच्या एक्सलवरून ब्रेकच्या व्हॉल्व्हला गेलेली बारकी दांडी बघायला विसरू नये. अनेक पिकअपना ती असते. गाडी किती दबली आहे हे बघून ती मागच्या ब्रेकला किती जोर द्यायचा ते ठरवते. कडक कमानीनं किंवा बॅगेनं गाडी उंच राहिली की व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि भरल्या गाडीचे मागचे ब्रेक अर्धेच लागतात. दोष ब्रेकवाल्याकडं जातो, तो ड्रम उघडून बसतो.

केबिनखालची रबरं आणि सीटचा फोम यांबद्दल लिहायला फार नाही. रबर चिरलं की चेसिसचा प्रत्येक ठोका केबिनच्या पत्र्यात वाजतो. सीटवरचा फोम बसून पत्र्याला कुल्ले टेकत असतील तर जगातली कुठलीही कमान उपयोगाची नाही. मागच्या एक्सलच्या बरोबर वर वाळूच्या पोत्यांचं २०० किलो ओझं बांधून रिकामं फिरणारे ड्रायव्हरही आहेत, आणि गणित त्यांच्या बाजूचं आहे: २.७ चे २.३ होतात. पाटा काढण्यापेक्षा जवळजवळ पावणेदोन पट फायदा. फक्त पोती बांधलेली हवीत, आणि भरताना उतरवायची आठवण हवी.

मिस्त्रीनं शेवटी ते दोन पाटे बाहेर ठेवले नाहीतच. उघडलीच आहे म्हणून दोन्ही कमानी घासल्या, ग्रॅफाइट लावून पुन्हा जोडल्या.

आठ दिवसांनी तीच पिकअप त्याच दारात उभी होती आणि ड्रायव्हर तावातावानं सांगत होता, "मामा, आता तर गाडी नाचतीया. खड्डा गेला तरी तीन-तीन हेलकावे. आधीच बरी होती." मिस्त्रीनं उत्तर दिलं नाही. त्याला पिटाळलं, बाळे गावाच्या पुढं दहा किलोमीटर खराब रस्त्यावर फिरवून आण म्हणाला. गाडी परत आली तशी दोघंही मागच्या चाकामागं उकिडवे बसले. "हात लाव. जपून." ड्रायव्हरनं उजव्या शॉकअपला तळवा लावला आणि चटकन मागं घेतला. मग डाव्या बाजूला जाऊन हात लावला आणि तसाच धरून राहिला. चालत्या शॉकअपमध्ये तेल बारीक भोकांतून ढकललं जातं, धक्क्याची ताकद तापात जाते, म्हणून चांगला शॉकअप तापतो. डावा भर उन्हात धावून आला तरी बाजूच्या चेसिसपेक्षा तापलेला नव्हता. तो कधी मेला होता कुणाला माहीत. इतके दिवस त्याच्या वाटचं काम पाट्यांमधला गंज करत होता, झोके धरून ठेवत होता आणि कंबर मोडत होता.

"दोन्ही बदलू," मिस्त्री म्हणाला. एक बदलला तर गाडी एका अंगावर चालते. नवे आणले ते गॅसचे, पूर्ण दबल्यावरची आणि पूर्ण ताणल्यावरची लांबी जुन्याशी टेपनं मोजून. लांबी चुकली तर मोठ्या खड्ड्यात शॉकअपच आधी टेकतो आणि त्याचा दांडा वाकतो. बसवायच्या आधी मिस्त्रीनं एकेक उभा धरून चार-पाच वेळा दाबला, ताणला, आत अडकलेली हवा वर यावी म्हणून. पहिल्या दाबाला पोकळ आवाज आला, दुसऱ्याला कमी, चौथ्याला नुसता जड सरकता दाब. ड्रायव्हर उकिडवा बसून बघत होता. मग म्हणाला, "एक मला दाबू द्या की मामा," आणि मिस्त्रीनं दुसरा त्याच्या हातात दिला.